वांग्याच्या रोपांचा कानोसा

दिग्विजय शेवाळे यांच्या घरात दोन यंत्रं कण्हायची. एक मागच्या खोलीत, वांग्याच्या रोपांच्या वतीनं. दुसरं दिग्विजयरावांच्याच खिशात, त्यांच्या बायकोच्या वतीनं. बायको, म्हणजे वनिताबाई, स्वतः तोंडानंही भरपूर बोलायच्या. पण गेलं वर्षभर दिग्विजयराव तोंडापेक्षा खिशाचंच जास्त ऐकत होते, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

कृष्णेच्या काठी, सांगलीच्या वरच्या अंगाला त्यांचा मळा. वाफ्यात बी फोकून वर पालापाचोळा पसरायचे दिवस कधीच मागं पडले होते. गणपती गेले तरी ऊन भाजून काढायचं आणि मध्येच एखादा ढग असा फुटायचा, की वाफ्यातला अंकुर एक तर होरपळायचा नाहीतर वाहून जायचा. त्यामुळं काठावरच्या घराघरांतली एक खोली रोपांना गेली होती. कुणी धान्याची खोली दिली, कुणी पाहुण्यांची. शेवाळ्यांनी लेकीची, ओवीची अभ्यासाची दिली, कारण ओवी शिकून पुण्याला नोकरीला लागली होती. जिथं तिचं टेबल होतं तिथं आता मांडणी उभी होती, मांडणीवर कोकोपीट भरलेले ट्रे आणि वर जांभळट दिवे. बी घरात रुजवायचं, रोप हाताएवढं करायचं आणि मग बाहेर मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात लावायचं, असा रिवाज पडला होता.

आणि त्या मांडणीला चिकटवलेला होता तो कानोसा.

तहानलेलं झाड आवाज करतं, हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं. रोपाच्या देठात केसाहून बारीक नळ्या असतात. त्यांतून मुळापासून पानापर्यंत पाण्याची एक अखंड दोरी वर ओढली जात असते. खाली पाणी कमी पडलं आणि वर पान ओढतच राहिलं, की ती दोरी ताणली जाते. ताण फार झाला की एखाद्या नळीत दोरी तुटते, हवेचा बुडबुडा तयार होतो आणि बारीकसा ‘तड्’ आवाज होतो. हा आवाज इतक्या वरच्या पट्टीतला, की माणसाच्या कानापर्यंत तो पोचतच नाही. ओवीच्या कंपनीनं एवढंच केलं. बोटाच्या पेराएवढा माइक बनवला, कुठला आवाज तहानेचा, कुठला किडीचा हे ओळखायला संगणकाला शिकवलं आणि तो आवाज आपल्याला ऐकू येईल अशा पट्टीत आणून सोडला. यंत्राचं नाव ठेवलं ‘कानोसा’. दोन वर्षांत काठावर कानोसा नसलेलं घर उरलं नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दिग्विजयरावांच्या अंगावर काटा आला होता. मिरचीचा ट्रे होता. त्यातून अगदी बारीक, कोवळं कण्हणं येत होतं. त्यांनी तांब्याभर पाणी शिंपडलं तसं ते हळूहळू थांबलं. “आयुष्यभर रोपं लावली,” ते म्हणाले, “आन् बिचाऱ्यांचं एकदाबी ऐकलं न्हाई.” त्यांचे डोळे भरून आले होते. मनानं मऊ माणूस. गोठ्यातल्या म्हशीला इंजेक्शन द्यायचं असलं तरी हे मान फिरवून उभे राहायचे.

त्याच साली वनिताबाईंच्या हृदयाची झडप बदलली. ऑपरेशन झकास झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “महिनाभर जपा, मग हळूहळू सगळी कामं करू द्या.” दिग्विजयरावांनी त्यातलं ‘जपा’ तेवढं ऐकलं आणि गाठीला बांधलं. ओवीनं आईच्या मनगटाला एक पट्टा बांधला. ठोके वाढले की वडलांचा फोन कण्हायचा. पट्टा तिच्याच कंपनीचा, त्यामुळं आवाजही तोच, रोपांचा.

तेव्हापासून वनिताबाई घरात होत्या. रान अर्ध्या हाकेवर, पण रानात नव्हत्या.

आता या वांग्याविषयी सांगायला हवं. वनिताबाई माहेरून दागिने फार आणू शकल्या नव्हत्या, पण आईच्या हातचं वांग्याचं बी त्यांनी चोळीच्या कापडात बांधून आणलं होतं. आईला सगळे आक्का म्हणत, म्हणून ते आक्काचं वांगं. जांभळ्यावर पांढऱ्या रेघा, देठाला बोचरे काटे आणि चवीला असं, की त्याला शेंगदाण्याचा कूट घालायचीसुद्धा गरज नाही. दुकानात त्याचं पाकीट मिळत नव्हतं. दर साली एक थोराड फळ झाडावर पिवळं होईपर्यंत ठेवायचं, त्याला तांबडी चिंधी बांधायची म्हणजे कुणी तोडत नाही, आणि त्यातलं बी काढून राखेत घालून ठेवायचं. ही चिंधी बांधायचं काम वनिताबाईंचं. त्या दवाखान्यात होत्या त्या वर्षी दिग्विजयरावांनी घरात रोपं अशी काही केली, की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. रानात नेली आणि तिसऱ्या दिवशी सगळी आडवी. एक फळ लागलं नाही, मग चिंधी कशाला बांधणार? बाटलीच्या तळाशी उरलं होतं ते जुनं, दमत चाललेलं बी. ते आणखी एक साल टिकेल याचा भरवसा नव्हता. म्हणून यंदा गौरी उठल्या आणि वनिताबाईंनी होतं नव्हतं तेवढं सगळं बी एका ट्रेत टाकलं.

“हे शेवटचं,” त्या नवऱ्याला आणि फोनवरच्या लेकीला म्हणाल्या. “ह्यातनं आलं तर आलं. न्हाईतर आक्का गेली कायमची.”

बी बरंचसं उगवलं. पितृपंधरवड्यात रोपांना चांगली पानं फुटली आणि मग वनिताबाईंनी फर्मान काढलं. घट बसले की रोपांना ताण द्यायचा. पाणी तोडायचं, अगदीच मान टाकली तर चमचाभर, आणि रोज थोडं थोडं ऊन दाखवायचं. दिग्विजयराव “व्हय, व्हय” म्हणाले. ओवीनं फोनवर होकाराचा अंगठा वर केला.

घट बसले. देवघरात परडीत मळीची माती घालून, गहू-ज्वारी पेरून, मध्ये घट ठेवला. तिसऱ्या माळेला परडीतले कोंब तरारून वर आले, पिवळसर, लवलवीत. घटाचे तुरे जितके उंच तितकं साल चांगलं, हे दिग्विजयराव लहानपणापासून ऐकत आले होते. त्यामुळं मागच्या खोलीतली वांगीही अशीच उंच होत चालली होती, ते बघून त्यांची छाती फुगली.

“बघ, बघ,” त्यांनी शेजारच्या सोपानला खोलीत नेऊन दाखवलं. “घटासारखी वर आल्यात. देवीचा हात फिरलाय.”

“लईच लांबली की वो,” सोपान डोकं खाजवत म्हणाला. “पण आमची बी अशीच हायत. कानोसा झाल्यापासनं समद्यांचीच रोपं ऐटीत असत्यात. आमची म्हातारी तर आवाज आला की ‘आले गं बाई’ म्हणत तांब्या घिऊन उठती.”

दिग्विजयराव हसले, पण जरा जपून. कारण तांब्या घेऊन उठणारे ते स्वतःही होते.

झालं होतं असं. घट बसले त्याच दुपारी वनिताबाईंचा डोळा लागला आणि मागच्या खोलीतून कण्हणं सुरू झालं. दिग्विजयरावांनी आधी दार लावून घेतलं. मग पेपर तोंडासमोर धरला. मग उठून अंगणात गेले आणि परत आले. कण्हणं चालूच. शेवटी चोरपावलांनी जाऊन त्यांनी ट्रेवर भांडंभर पाणी फिरवलं आणि “आजच्या दिवस” असं स्वतःलाच बजावलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बायकोपासून चोरून पाणी पाजायला या वयात लाज वाटत होती, पण ते कण्हणं थांबलं की त्यांना पोटभर जेवल्यासारखं वाटायचं.

चौथी माळ झाली आणि मागच्या खोलीतून हाक आली.

“अवो, हिकडं या जरा.”

वनिताबाईंनी ट्रेच्या घरातून एक रोप उपसून हातावर घेतलं होतं. एरवी मुळं कोकोपीटला जाळीगत धरून बाहेर येतात. इथं सगळं कोकोपीट गळून पडलं आणि हातात राहिलं ते लांबलचक रोप, खाली चार पांढऱ्या मुळ्या. त्यांनी देठ जरा वाकवला तर मोड आलेल्या मटकीसारखा कटकन मोडला.

“पाणी कुणी घातलं?”

दिग्विजयरावांनी वर दिव्याकडं बघितलं. “पाणी? हवेत ओलावा असंल.”

“हवेतल्या ओलाव्यानं तळाला शेवाळ धरतंय व्हय? हे बघा. चिलटं बी झाल्यात.”

“घातलं असंल एखादं भांडं,” ते शेवटी म्हणाले. “दुपारचं. तू पडल्यावर. कण्हत हुती गं ती. माझ्यानं न्हाई ऐकवलं.”

वनिताबाई मटकन स्टुलावर बसल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. दिग्विजयरावांच्या खिशात फोन कण्हला तसे ते पुढं धावले. “वनिता! काय हुतंय? बस, बोलू नगंस—”

त्या हसत होत्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“मी बी घालत हुते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सकाळी डेअरीला दूध घालाय गेला की. मीच फर्मान काढलं आन् मीच मोडलं. म्हटलं ह्यांना काय कळतंय.”

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि ओवीला फोन लावला. पडद्यावर लेकीचा चेहरा आला, मागं ऑफिसची काच. आईनं मोडलेलं रोप पडद्यासमोर धरलं आणि सगळा कबुलीजबाब दिला. ओवी हसली नाही. तिनं ओठ चावला.

“आई, मी पण,” ती म्हणाली. “फोनवर मलाही ऐकू येतं ना. बसमध्ये असले की फोनवरूनच मांडणीवरचा फवारा सोडायचे. मला वाटलं तुम्ही दोघं फारच कडक वागताय.”

आक्काचं वांगं तिघांच्या मायेत बुडून मरायला आलं होतं.

ओवीनं ऑफिसचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, “पप्पा, मूळ आवाज कसला असतो माहितीये? लाह्या फुटल्यासारखा. तड्, तड्. पहिल्यांदा आम्ही तोच ठेवला होता. लोक ऐकायचे आणि विसरायचे. यंत्र खपेना. मग आम्ही वेगवेगळे आवाज करून बघितले. हा कण्हण्याचा आवाज मांजराच्या पिलावरून केलाय. तो मी निवडला. मला त्याचं बक्षीस मिळालं.”

“म्हंजे रोपं कण्हत न्हाईत?” दिग्विजयरावांना हे पटायला जरा वेळ लागला.

“बुडबुडे फुटतात. दुपारी थोडे फुटायलाच हवेत. जरा तहान लागली की मूळ पाणी शोधायला खाली जातं. पानावर मेणाचा थर जाड होतो. देठ भरतो. हे सगळं घरात शिकूनच रोपानं बाहेर जायचं असतं. आपण ते शिकूच दिलं नाही.” तिनं कपाळाला हात लावला. “आमच्याकडं किती तक्रारी पडल्यात. रोपं घरात फर्स्ट क्लास आणि रानात आडवी. आम्ही बियाण्याला दोष देतो, बियाणेवाले हवेला देतात. माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही की लोकांना हे ऐकवतच नसेल.”

“बंद कर ते,” वनिताबाई म्हणाल्या.

ओवीनं पुण्यात बसून कुठलंतरी बटण दाबलं. खोली एकदम गप्प झाली. जांभळट दिव्याखाली रोपं उभी होती तशीच उभी होती.

“आन् आता हे बी,” वनिताबाईंनी मनगट वर केलं.

“ते न्हाई,” दिग्विजयराव चटकन म्हणाले. “रोपाचं निराळं. रोप मेलं तर दुसरं लावता येतं.”

“येतं? मग लावा की आक्काचं दुसरं. हाय बी?”

वनिताबाई आता हसत नव्हत्या.

“वरीस झालं, मळीच्या मातीला पाय लागला न्हाई माझा. जिना चढले की तुम्ही पळत येता. परवा नणंदबाईंनी गंमत सांगितली, मी हसले, तर तुम्ही लिंबूपाणी घिऊन हजर. मोठ्यानं हसायची बी चोरी झाली मला.” त्यांनी हातातल्या रोपाकडं बघितलं. “ह्या रोपात आन् माझ्यात फरक काय ठेवलाय तुम्ही? दोघींना एकाच मायेनं मऊ करून ठेवलंय. आता ऐका. ही रोपं जगली तर मी लावणार, माझ्या हातानं. न्हाईतर वाळू द्यात घरातच. दुसऱ्याच्या हातनं लावलेलं आक्काचं वांगं मला नगं.”

“आई—” ओवी म्हणाली.

“तू गप. तुझं मांजर बघ तू.”

दिग्विजयराव बाहेर गेले आणि गोठ्यातल्या म्हशीसमोर जाऊन उभे राहिले. बायकोचा राग त्यांना नवा नव्हता. पण ती खरं बोलली होती आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलं. दवाखान्याच्या काचेबाहेर त्यांनी काढलेले दिवस कुणी बघितले नव्हते. तो फोन कण्हला नाही, तर मधल्या वेळेत काय झालं हे कळायचं कसं? कण्हणं बंद झालेलं त्यांना चाललं असतं. पण तिचा कानोसा घेणं बंद झालेलं चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ट्रे घरापुढच्या उघड्या सोप्यात आला. आधी सकाळचं कोवळं ऊन, मग रोज थोडं जास्त. टेबलफॅन लावून वारा दाखवला. वनिताबाई येता-जाता रोपांच्या शेंड्यांवरून हलका हात फिरवायच्या, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. त्यानं रोपाला वाटतं की इथं वारा आहे, आणि ते उंचीचा नाद सोडून देठ जाड करायला घेतं. ओवीनं फोनवरून हे शास्त्र समजावलं तेव्हा वनिताबाई म्हणाल्या, “आक्का करायची म्हणून मी करते. तू शास्त्र बघ.”

पहिल्याच दुपारी रोपांनी माना टाकल्या.

आवाज काहीच नव्हता आणि तेच दिग्विजयरावांना जास्त छळत होतं. जेवायला बसले, अर्ध्या भाकरीवर हात धुतले. उठले. तांब्या उचलला. सोप्यात कुणी नव्हतं, वनिताबाई आत भाकरीला बसल्या होत्या. पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. ते तांब्या धरून उभे राहिले, मग आपलंच पाणी आपण प्यायले आणि पाठ करून बसले.

ऊन कलल्यावर त्यांनी वळून बघितलं. रोपं उभी होती. सगळी नाहीत. कडेची काही खरंच गेली होती, ती वनिताबाईंनी उपसून टाकली. पण मधली ताठ उभी होती, कुणी पाणी न घालता, नुसत्या सावलीवर.

“दुपारी मान टाकली म्हंजे मेलं न्हवं,” त्या बाजूला येऊन म्हणाल्या. “जरा दम खातंय ते. तिन्हीसांजंला उठलं न्हाई, तर मग काळजी.”

दिग्विजयराव रोज दुपारी त्या ट्रेसमोर बसायला लागले. रोज माना पडायच्या आणि रोज सांजेला वर यायच्या, आणि रोज पडायचं प्रमाण जरा कमी असायचं. देठ खालून जांभळट, टणक व्हायला लागले. देवघरात घटाचे तुरे हातभर झाले होते, पिवळे आणि सुरेख. सोप्यातल्या रोपांची उंची चौथ्या माळेला होती तिथंच थांबली होती, आता ती तुऱ्यांच्या निम्म्यानंही नव्हती. बुटकी, जाड, पानं खरखरीत. बघायला काही गोजिरी नव्हती, पण बोट लावलं की मागं रेटायची.

आठव्या माळेला त्यांनी गोठ्यात जाऊन डॉक्टरांना फोन लावला.

“शेवाळे, मी तुम्हाला मागंच सांगितलं होतं की,” डॉक्टर वैतागले. “हृदय म्हणजे स्नायू आहे. वापरलं नाही तर मऊच पडणार. ठोके वाढले म्हणजे ते काम करतंय.”

“पण काय झालं तर?”

“दम लागला की ती थांबेल. तिला कळतं. थांबूनही दम गेला नाही, छातीत दुखलं, चक्कर आली, तर लगेच मला फोन. एरवी तुम्ही गप्प बसायचं.”

म्हणजे तिन्हीसांजेला उठलं नाही तर मग काळजी. दिग्विजयरावांनी फोन खिशात ठेवला आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

दसऱ्याला घट उठले. वनिताबाईंनी पिवळ्या तुऱ्यांची जुडी उपटून नवऱ्याच्या टोपीत खोवली आणि सुनं सुनं देवघर झाडून काढलं. ऊन उतरल्यावर त्या बाहेर आल्या, तर अंगणात बॅटरीवरची रिक्षागाडी उभी होती. मागं वांग्याचा ट्रे बांधलेला. पुढच्या सीटवर त्यांचं जुनं खुरपं, वर्षभर सांदीत पडलेलं, घासून धार लावून ठेवलेलं.

“चल,” दिग्विजयराव म्हणाले.

“कुठं?”

“सीमोल्लंघनाला. आपट्याची पानं परत आल्यावर वाटू.”

वनिताबाईंनी खुरपं उचललं, पात्यावरून अंगठा फिरवला आणि त्या गाडीत चढल्या. नाक मात्र दोनदा ओढलं.

मळीत सऱ्या सोडून, भिजवून ठेवल्या होत्या. वनिताबाईंनी चपला बांधावर काढल्या, मातीत पाय रोवले आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग वाकल्या. खुरप्यानं खड्डा, त्यात रोप, मुठीनं माती दाबायची आणि एक पाऊल पुढं. हात काही विसरले नव्हते. रोपाची मुळं आता कोकोपीटला घट्ट धरून होती.

दिग्विजयराव बांधावर बसले. तिसऱ्या सरीला खिशात मांजर कण्हलं. ते ताडकन उठले.

“आलं व्हय तुमचं पिल्लू?” वनिताबाई मान वर न करता म्हणाल्या.

फोन हातात कण्हत होता. पडद्यावर लाल आकडा लुकलुकत होता. दिग्विजयरावांनी आकड्याकडं बघितलं, मग बायकोकडं. कपाळाला घाम, गालावर लाली, ओठ घट्ट मिटलेले. काम करणाऱ्या बाईचा चेहरा असतो तसा होता. त्यांना भीती वाटत होती, ती काही गेली नव्हती. तरी त्यांनी ते कण्हणं बंद केलं, कायमचं, आणि फोन बांधावर पालथा ठेवला.

नदीवरच्या पंपाची घरघर तेवढी राहिली. थोड्या वेळानं वनिताबाई थांबल्या. टाचांवर बसल्या, पदरानं मान पुसली, नदीकडं बघत राहिल्या. दिग्विजयराव अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. बांधावरचं गवत त्यांच्या मुठीत होतं. वनिताबाईंचा श्वास बसला. त्या उठल्या आणि राहिलेली सरी त्यांनी पुरी केली. शेवटचं रोप लावून झालं तेव्हा टोपीतले घटाचे तुरे सुकून दिग्विजयरावांच्या कानावर लोंबत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोपान धावत आला. “तात्या, गेली तुमची वांगी! समदी आडवी झाल्यात. पाणी सोडा, पाणी!”

नवरा-बायको सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. दोघांचेही हात जरा थांबले.

“सांजच्याला बघू,” दिग्विजयराव म्हणाले आणि त्यांनी पुढची शेंग घेतली.

सांजेला दोघं गेले. मळीत वारा सुटला होता आणि आक्काचं वांगं, बुटकं, खरखरीत, ओळीनं उभं होतं.

थंडीत ओवी आली तेव्हा वांग्यांचा तोडा सुरू झाला होता. तिनं कंपनीत भांडून कानोसाची नवी आवृत्ती काढली होती. हा कानोसा दिवसभर ऐकायचा आणि गप्प राहायचा. सांजेपर्यंत रोप सावरलं नाही तरच बोलायचा, आणि तेही साधं, तड् तड्. विक्री घटेल म्हणून साहेब कुरकुरले होते आणि या खेपेला बक्षीसही मिळालं नव्हतं. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. भाकरीशी वांग्याचं भरीत तिनं इतकं खाल्लं, की रात्रीच्या जेवणाला नको म्हणाली.

दुपारी ती आणि दिग्विजयराव बांधावर बसले होते. वनिताबाई खुरपत होत्या. मधल्या सरीत एका थोराड वांग्याच्या देठाला तांबडी चिंधी बांधलेली होती आणि फळ पिवळं पडायला लागलं होतं.

“अवो,” वनिताबाईंनी हाक मारली, “पाणी आणा!”

दिग्विजयराव उठले. कपाळावर हात धरून त्यांनी सऱ्यांवरून नजर फिरवली. “कुठल्या सरीला गं? समदी तर ताठ दिसत्यात.”

“सरीला न्हवं, मला! तहान लागली.”

आणि ते तांब्या घेऊन पळाले.